मुंबईची सहल ठरवताना आधी पंचांग उघडा: खान्देशातल्या शाळांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक, सहल प्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की आठ-पंधरा दिवसांत सहलीचं पत्रक निघतं. सहल मुंबईची असली की पत्रकातला मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: गेटवे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी आणि जमलं तर नटांचे बंगले. हे सगळं एका दिवसात. रात्रभर बसने जायचं, दिवसभर पळायचं, रात्रभर बसने परत यायचं. यंदाचं पत्रक छापखान्यात जाण्याआधी आमचं म्हणणं तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. आम्ही म्हणजे सहलींचं वेळापत्रक आखणारे, आरक्षणाचे अर्ज भरणारे आणि फलाटावर मुलं मोजणारे तुमच्यातलेच काही शिक्षक.

मुंबईतली पाहण्यासारखी ठिकाणं दोन गोष्टींच्या तालावर चालतात: समुद्राची भरती-ओहोटी आणि आठवड्याचा वार. आपण मात्र तारीख ठरवतो ती बस कधी मोकळी आहे आणि चाचणी परीक्षा कधी संपते हे बघून. मग शंभर मुलं सोमवारी गेटवेवर उभी राहतात आणि घारापुरीची लेणी बंद असल्याचं तिथे कळतं. किंवा भर दुपारी हाजी अलीच्या वाटेवर पाणी चढलेलं असतं आणि मुलं रस्त्यावरून दर्गा बघून बसमध्ये परत बसतात. दोन्ही गोष्टी घरबसल्या आधी कळण्यासारख्या आहेत.

भरतीचं गणित आधी सांगतो, कारण तापीकाठच्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही आणि कोकणातल्या पोराला ते तोंडपाठ असतं. पंचांगात तिथी बघायची, पक्ष कोणताही असो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, प्रत्यक्षात मुंबईत ती बाराच्या आसपास येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज हे चक्र साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावं आणि तारीख पक्की करण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघून खात्री करावी. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित वर्गातच करून घ्या. भास्कराचार्यांचं नाव ज्या पाटणच्या परिसराशी जोडलेलं आहे तो आपल्या चाळीसगाव तालुक्यातच आहे, तेव्हा चंद्राचं गणित आपल्या मुलांना परकं वाटण्याचं कारण नाही.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या उंचीला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास तो दीड-दोन मीटरवर येतो. चार मीटर म्हणजे वर्गखोलीच्या छतापेक्षा उंच पाणी सहा तासांत वर चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. गेटवेच्या पायऱ्यांवर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पाणी भरलेलं असताना लाँच पायरीला जवळपास समतल लागते. ओहोटीत खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं आणि हलणाऱ्या लाँचमध्ये खाली पाय टाकावा लागतो. तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊला, म्हणजे नेमकी लाँच पकडायच्या वेळी ओहोटी असते. चतुर्दशी ते प्रतिपदा या दिवसांत सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत गेटवेला भरपूर पाणी असतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला चौपाटीवर समुद्र मागे सरकलेला असतो. एका दिवसाच्या सहलीला याहून सोयीचा दिवस नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत असे पाच-सहा मुहूर्त मिळतात. हाजी अलीला जायचंच असेल तर या दिवसांत भर दुपारी जाऊ नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा.

आता वार. सोमवारी घारापुरी बंद, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी बंद, वरळीचं नेहरू तारांगणही बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग त्या दिवशी उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद, हेही लक्षात असू द्या. शनिवार-रविवारी गेटवेवर माणसांत माणूस मावत नाही. उरले मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार. व्यवस्थापन समितीतले पालक "शाळा बुडवून कशाला, रविवारी न्या" म्हणतात, त्यांना ही अडचण समजावून सांगा. एका दिवसाची सहल मंगळवारी, दोन दिवसांची गुरुवार-शुक्रवारी बसते.

तारापोरवाला मत्स्यालय पत्रकातून काढून टाका. १९५१ सालची ती इमारत धोकादायक झाल्याने मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. तरी जुनं पत्रक बघून नवं छापलं जातं आणि मुलं काचेतले मासे बघायच्या आशेने येतात.

बस की रेल्वे, यावर आमचं मत ठाम आहे. रेल्वेच. धुळ्याहून मुंबई रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात आहे, जळगावहून त्यात आणखी नव्वद-एक मिळवा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने कसाऱ्याचा घाट सुसह्य झाला, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. दक्षिण मुंबईत मोठ्या बसला थांबायला जागा मिळत नाही आणि मोठ्या वाहनांवर वेळेची बंधनं असतात. बस मुलांना सोडून दूर कुठेतरी जाते, तिला परत बोलवायला तास जातो. त्यातून चालक रात्रभर गाडी चालवून आलेला आणि पुढची रात्रही त्यालाच चालवायची. एसटी सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते ही तिची मोठी जमेची बाजू, आणि अजिंठा, पाल, तोरणमाळ, पद्मालय यांसाठी एसटीच योग्य. मुंबईसाठी नाही.

भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून रात्री निघून पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचणाऱ्या गाड्या आहेत, धुळ्याहूनही आता मुंबईची थेट गाडी आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. खिडकीवर एका अर्जात सहाच नावं घेतात, म्हणून चाळीस मुलांसाठी ऐनवेळी खिडकी गाठून काही होत नाही. गटाच्या आरक्षणाचा लेखी अर्ज शाळेच्या पत्रावर, नावं-वयं-वर्ग यांच्या यादीसह स्टेशनवरच्या आरक्षण पर्यवेक्षकांकडे आधीच द्यावा लागतो. शैक्षणिक सहलीची भाडेसवलत हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा सवलतीचा अर्ज त्याच वेळी जोडा, ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना ही सवलत आणखी मोठी असते. यादीतलं नाव आणि मुलाच्या ओळखपत्रावरचं नाव जुळतं का ते तपासा. "सोनू" आणि "सोनाली" यांत गाडीतला तिकीट तपासनीस फरक करतो. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं आणि मुलींसोबत शिक्षिका हे तर लागतंच. आमचा आग्रह दहा मुलांमागे एका शिक्षकाचा आहे, आणि तो शिक्षक त्या दहा जणांचाच. सगळ्यांचे सगळेच असले की कोणीच कोणाला मोजत नाही.

पहाटे उतरल्यावरचा पहिला तास वेळापत्रकात लिहिलेला नसतो आणि तिथेच दिवस कोलमडतो. चाळीस मुलं, चार स्वच्छतागृहं, प्रत्येकी पाच मिनिटं: पन्नास मिनिटं झाली. दात घासणं, कपडे बदलणं वेगळं. म्हणून सहाला उतरलात तर साडेसातपर्यंत दुसरं काही ठेवू नका. मुली पुढे, मुलगे मागे. जवळपास धर्मशाळेचा किंवा लॉजचा एक हॉल दिवसभरासाठी घेतला तर पिशव्याही तिथे राहतात. खान्देशात पहाटे दहा-बारा अंशांची थंडी असते म्हणून मुलं स्वेटर, कानटोपी घालून निघतात, मुंबईत आठ वाजताच घाम फुटतो. ते ओझं दिवसभर पाठीवर नको.

आणि ज्या इमारतीत मुलं उतरतात तीच बघायची राहून जाते! फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७८ मध्ये बांधायला घेतलेलं हे स्थानक २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्यापलीकडून ते पंधरा मिनिटं नीट बघू द्या. प्रवेशाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे, सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. कोणता कुठे आहे ते मुलांना शोधायला लावा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलांना तर ही घरचीच गोष्ट.

गेटवेला साडेआठपर्यंत पोचा. नाश्ता त्याआधी तासभर उरकलेला असावा आणि हलका असावा. पोट तुडुंब भरलेलं किंवा अगदी रिकामं असलं की लाँचमध्ये मळमळ होते. ज्यांना बस लागते त्यांना मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवा आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगा. मोबाइलवर किंवा खाली जमिनीकडे बघितलं की त्रास वाढतो. गेटवे बघायला अर्धा तास पुरतो: जॉर्ज विटेट यांचा आराखडा, २६ मीटर उंची, ४ डिसेंबर १९२४ ला खुलं झालेलं. ज्या पंचम जॉर्ज राजाच्या आगमनाची ही कमान तो डिसेंबर १९११ मध्येच येऊन गेला होता. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच बाहेर पडली. या सनांमधलं अंतर मुलांना सांगितलं तर पुरे, बाकीचा वेळ त्यांना पाण्याकडे बघू द्या.

लाँचबद्दल मात्र हात जोडून सांगणं आहे, इथे घाई करू नका. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे जीव गेले. त्यामुळे लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं, लाँच सुटल्यावर नाही. लहान मुलांना लहान मापाचंच हवं. घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि खांद्याच्या दोन्ही बाजूंना धरून जॅकेट वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकत असेल तर पाण्यात मूल त्यातून निसटेल. कंबरेचं बक्कल लागत नसेल, पट्टा तुटलेला असेल तर बदलून घ्या. लाँचवर प्रवाशांची मंजूर संख्या लिहिलेली असते, ती वाचा आणि डोकी मोजा. जॅकेट कमी पडत असतील तर पुढच्या लाँचने जा, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचमागे उडतात, प्रवासी त्यांना खाऊ टाकतात आणि सगळी गर्दी एका बाजूला धावते. लाँच त्या बाजूला कलते. आपल्या मुलांना जागेवरून उठू न देणं हे त्या दहा-दहाच्या शिक्षकाचं काम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना या फेऱ्या बंदच असतात, तेव्हा जून ते सप्टेंबरात हा बेत करूच नये.

घारापुरीला जायला साधारण तास, यायला तास, बेटावर अडीच तास. नऊची लाँच धरली तर दोनच्या आत परत. उतरल्यावर लांबच लांब धक्का आहे, त्यावर छोटी गाडी चालते, पण मुलांनी चालत जावं. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी येतानाच, हे गाडीत बसतानाच ठरवून सांगा. माकडं हातातली पिशवी आणि बाटली हिसकावतात. खाण्याचं काही दिसेल असं धरू नये आणि माकडाने ओढलं तर सोडून द्यावं, झटापट केली की चावतं. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात पंधरा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, वयाचा पुरावा म्हणून शाळेची यादी आणि ओळखपत्रं जवळ ठेवा. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा असतो, तेवढे सुटे पैसे ठेवा.

लेण्यात शिरल्याबरोबर सगळे त्रिमूर्तीपुढे फोटो काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर येतात. आपल्या मुलांनी अजिंठा पाहिलेला असतो, वाघूर नदीचा तो कडा त्यांना माहीत असतो. त्यांना विचारा, तिथला आणि इथला दगड वेगळा आहे का? नाही, दोन्हीकडे तोच काळा बेसाल्ट, तोच आपल्या शेताच्या बांधावरचा. तिथे बुद्ध आणि रंगवलेल्या भिंती, इथे शिव आणि दगडातच कोरलेली सगळी कथा. जवळजवळ सहा मीटर उंचीच्या सदाशिवाच्या तीन मुखांपुढे मुलांना खाली बसवा, आणि डोळे अंधाराला सरावले की एकेक मुख दाखवा. आपल्या डावीकडचं रागीट, मिशा असलेलं, ते भैरवरूप. उजवीकडचं कोवळं, हातात कमळ धरलेलं. मधलं डोळे मिटलेलं, शांत. मग अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण. कान्हेरी आणि घारापुरी या दोन्हींतून एकच निवडायचं झालं तर आम्ही घारापुरी निवडू, मुलांना त्यात बोटीचा प्रवासही मिळतो.

एका दिवसाची सहल असेल तर दुपारी जेवण करून गेटवेजवळचंच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय घ्या आणि तेही सगळं नको. दोन दालनं ठरवून जा. पिशव्या तपासून आत जायला चाळीस मुलांना वीस मिनिटं लागतात हे धरा. मग संध्याकाळी चौपाटी आणि रात्रीची गाडी. बस्स. याहून एकही ठिकाण वाढवू नका.

दोन दिवसांची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला टर्मिनसहून धिम्या लोकलने भायखळा. त्या वेळी गर्दीचा लोंढा टर्मिनसकडे येत असतो आणि आपण उलट दिशेने जातो, त्यामुळे डब्यात जागा असते. राणीच्या बागेत मुलं पेंग्विनकडेच धावतील, धावू द्या. पण संग्रहालयाजवळच्या आवारातला दगडी हत्ती त्यांना दाखवायला विसरू नका. तो घारापुरीच्या किनाऱ्यावर उभा होता, तुकडे झाल्यावर इथे आणून पुन्हा जोडला. आदल्या दिवशी ते बेट पाहिलेल्या मुलाला या हत्तीचा अर्थ लागतो, एरवी तो बागेतला एक दगड. दुपारी टर्मिनसला परत येऊन भुयारी मेट्रोने थेट सायन्स सेंटर स्थानकावर उतरा. कफ परेड ते आरे ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे आणि नेहरू विज्ञान केंद्र त्यामुळे जवळ आलं. खेड्यातल्या विज्ञानाच्या मुलाला तिथे तीन तासही कमी पडतात. जवळच्या तारांगणात मराठी, हिंदी, इंग्रजी खेळ वेगवेगळ्या वेळी असतात, मराठी खेळाची वेळ आधी फोन करून विचारा.

लोकलचा एक नियम सगळ्या मुलांना पाठ हवा. गाडी स्थानकात वीस-तीस सेकंदच थांबते. एक शिक्षक सर्वांत आधी चढेल, एक सर्वांत शेवटी. जो फलाटावर राहिला त्याने जागेवरून हलायचं नाही, धावत्या गाडीमागे पळायचं नाही. जो चुकून पुढे गेला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच उभं राहायचं. सकाळी आठ ते अकरा टर्मिनसकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ कल्याण-विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलांना चढवूच नये. प्रत्येकाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी हवी: शाळेचं नाव, दोन शिक्षकांचे मोबाइल, मुक्कामाचा पत्ता. गळ्यात नाव लटकवू नका, परक्या माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं. रेल्वेसाठी १३९, पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक त्याच चिठ्ठीवर लिहा.

चौपाटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण भीती तिथेच सर्वांत जास्त आहे. तापी-गिरणेत आणि विहिरीत पोहणाऱ्या मुलांना वाटतं आपल्याला पाणी येतं. समुद्राचं पाणी वेगळं वागतं. ओहोटी सुरू असताना ते पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं, आणि हा ओढा भरती व ओहोटी यांच्या बरोबर मधल्या काळात सर्वांत जोरदार असतो. पौर्णिमा-अमावास्येला बाराला भरती म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास तो सर्वांत वाईट. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, ती महाविद्यालयीन मुलं होती. म्हणून पाणी घोट्याच्या वर नाही, हा नियम आणि त्यात अपवाद नाही. पाण्याच्या बाजूला दोन शिक्षक, तोंड मुलांकडे. अंधार पडायच्या आत सगळे वाळूवरून बाहेर.

पाण्यात न जाताही बघण्यासारखं भरपूर आहे, आणि त्यासाठीच ओहोटीची संध्याकाळ निवडायची. ओल्या वाळूवर मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतात, मधे एक बारीक भोक आणि त्याभोवती गोळ्यांची किरणं. हे इवल्या खेकड्याचं काम. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. मुलांना भोकापासून दोन हातांवर उकिडवं बसवा आणि मिनिटभर हलू नका म्हणा, खेकडा बाहेर येतो आणि पुन्हा कामाला लागतो. पुढच्या भरतीत सगळ्या गोळ्या पुसल्या जातात. ज्या मुलाने हे पाहिलं त्याला भरतीचं गणित पुन्हा शिकवावं लागत नाही.

शिदोरी घरून न्या. दशम्यांचं पीठ दुधात भिजवलेलं असलं तर त्या दोन दिवस टिकतात, पण पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका आणि प्लास्टिकमध्ये तर मुळीच नको. मुंबईच्या दमट हवेत गरम दशमीला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. सुती फडक्यात बांधा. शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते, भरीत आणि कळण्याची भाकरी घरीच बरी. दुपारचं एक जेवण खानावळीत आधी ताटं सांगून ठेवा.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या शाळा ताप्ती मार्गाने सुरतेवरून येतात, त्यांनी हा क्रम उलटा करावा. तुम्ही पश्चिम रेल्वेने बोरिवलीलाच उतरू शकता. तिथून राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सकाळीच करून घ्या, शंभराहून जास्त लेणी आहेत, त्यांतली पाच-सहा पुरेत. मग दुपारी दक्षिणेकडे जा. वार फक्त सोमवार नको.

खर्चाचं शेवटी लिहितो, पण आमच्या मनात ते पहिलं आहे. दर वर्गात पाच-सात मुलं पैशाअभावी मागे राहतात. अक्कलकुवा, धडगावच्या आश्रमशाळांत तर ज्यांनी रेल्वेही पाहिली नाही अशी मुलं आहेत. रेल्वेची सवलत, लेण्याला नसलेलं शुल्क, फुकटातली चौपाटी आणि स्थानकाची इमारत, घरची शिदोरी, आणि अकराऐवजी चार ठिकाणं, एवढं केलं तर माणशी वर्गणी बरीच खाली येते. उरलेल्या फरकात त्या मुलांना सामावून घ्या आणि कोणाचे पैसे कोणी भरले हे वर्गात कोणाला कळू देऊ नका.

परतीची गाडी टर्मिनसवरूनच धरा, दादरहून नको. तिथे गाडी आधी लागते आणि चाळीस मुलं शांतपणे चढतात, दादरला दोन-तीन मिनिटांत ते होत नाही. गाडी सुटण्याआधी तासभर फलाटावर या. परत आल्यावर आठवडाभरात लाँचची वेळ, त्या दिवशीची तिथी, कुठे किती वेळ लागला आणि काय बंद होतं हे एका कागदावर लिहून शेजारच्या शाळेला आणि आम्हाला पाठवा. पुढच्या वर्षीचं पत्रक आपण त्यावरूनच करू.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शालेय सहलींचं नियोजन करणारे काही शिक्षक